वल हाय का?

माझं माहेर वऱ्हाडातलं, काळ्या मातीचं आणि कापसाचं. तिथे 'ओल' हा शब्द आम्ही जरा लाडानेच उच्चारायचो. पेरणीच्या दिवसांत वडील शेतातलं ढेकूळ मुठीत दाबायचे, मूठ उघडायचे, आणि माती विस्कटली नाही की म्हणायचे, "ओल आहे." त्या दिवशी घरात कोणी कोणावर ओरडायचं नाही. ओल नसली, तर आईसुद्धा भांडी हळू ठेवायची.

लग्न होऊन गोंदियाकडे, धानाच्या मुलखात आले आणि तोच शब्द वेगळ्या सुरात कानावर पडायला लागला. इथे त्याचा 'वल' झालेला. "वल हाय का?" हा प्रश्न दिवसभर चालू. सरपण उचललं की वल हाय का. मिठाच्या मडक्यात हात घातला की वल हाय का. काडी ओढली आणि पेटली नाही, तर दोष काडीचा नाही, पेटी करणाऱ्याचा नाही, वलीचा. शेजारची बाई विड्या वळायची. ती मात्र वल टिकावी म्हणून धडपडायची, कारण तेंदूचं पान वाळलं की वळताना फाटतं. ओल्या पोत्यात गुंडाळलेली पानं ती मधून मधून बोटांनी चाचपायची, आणि माझ्याशी बोलतानाही बोटं त्या पोत्यातच असायची.

धानाची गंमत तर आणखी निराळी. धान उभं असतानाच बांधीतलं, म्हणजे बांध घातलेल्या शेतातलं, पाणी सोडून देतात आणि खालच्या चिखलात लाखोरीचं, म्हणजे लाखेच्या डाळीचं, बी फेकतात. धान कापून नेलं, की त्या राहिलेल्या वलीवर लाखोरी आपली आपण वर येते, वरून थेंबभर पाणी लागत नाही. म्हणजे जमिनीत वल पाहिजेच. पण त्याच जमिनीवरचं धान घरात येताना त्यात वल नको म्हणजे नको. मी सासरी येऊन जे काही शिकले, त्यातलं निम्मं म्हणजे वल कुठे हवी आणि कुठे नको, एवढंच. उरलेलं निम्मं स्वयंपाकघरातलं होतं, ते मला आधीच येत होतं.

या प्रश्नाला एक मज्जाव मात्र होता. कोणालाही काहीही विचारा, पण एखाद्या माणसाला त्याच्या स्वतःच्या धानाबद्दल "वल हाय का?" असं विचारायचं नाही. ओलं धान ढोलीत, म्हणजे कणगीत, भरणारा माणूस एकतर आळशी, नाहीतर उतावळा, आणि ओलं धान बाजारात नेणारा सरळसरळ लबाड, कारण वलीने वजन वाढतं. त्यामुळे हा प्रश्न म्हणजे शिवीच. दवनीवाड्याच्या एका लग्नात कोणीतरी गमतीने व्याह्याला तसं विचारलं आणि पंगत अर्धी उठली, असं मला आल्या आल्या सांगण्यात आलं. खरं खोटं मला माहीत नाही, पण सांगणाऱ्याचा चेहरा गंभीर होता.

मग धान वाळलं की नाही हे ठरवायचं कसं? त्यासाठी आमच्या गावात माझे सासरे होते.

मामाजी म्हणजे उंच, वाळकुडा, कमी बोलणारा माणूस. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घर आल्याबरोबर माझ्या हातात आलं. मळणी सुरू झाली, की आसपासच्या गावचे लोक धोतराच्या सोग्यात मूठभर धान बांधून आमच्या अंगणात यायचे. मामाजी त्यातला एक दाणा उचलायचे, उजवीकडच्या दाढेखाली धरायचे, आणि सगळे गप्प व्हायचे. "कट्" असा आवाज आला की धान वाळलं. दाणा दबला, चपटा झाला, की मामाजी बोटाने उन्हाकडे खूण करायचे. वल आहे असं ते तोंडाने म्हणायचे नाहीत. धान घेऊन आलेला माणूस मान डोलवून निघून जायचा आणि धान पुन्हा उन्हात पसरायचा. इकडच्या गोरेगावच्या बाजारात व्यापाऱ्याने कुरकुर केली, तर विकणारा सांगायचा, "तिकडच्या बुढ्यानं चावून देल्लं हाय." बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं. त्या दाढेचा मामाजींना किती अभिमान होता हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मळणीच्या दिवसांत ते सकाळी कडुलिंबाची काडी नेहमीपेक्षा जास्त वेळ चावत बसायचे.

आता नणंदेबद्दल सांगते, कारण ही गोष्ट तिची आहे.

ती माझ्याच वयाची. तिला चिचगडकडे दिलेली, जंगलाच्या काठाला. तिचं पहिलं बाळंतपण तिथेच झालं, ऐन पावसाळ्यात. खोलीच्या मागच्या भिंतीला लागून पाण्याची नाली होती आणि ती भिंत आतून सदा काळपट असायची. पोर झालं, चांगलं गुटगुटीत झालं, आणि महिना भरायच्या आत डबा होऊन गेलं. लहान पोरांची छाती भरून श्वास उडायला लागला, की त्याला आमच्याकडे डबा म्हणतात. पोर गेल्यावर ती फार रडली नाही, असं तिच्या सासरच्यांनी सांगितलं. ती नुसती उठून त्या भिंतीला उलटा हात लावायची आणि परत बसायची.

पुढच्याच वर्षी तिला पुन्हा दिवस गेले. दसऱ्याच्या सुमाराला ती आमच्याकडे आली, बैलबंडीतून उतरली, पाय धुतले, पाणीसुद्धा प्यायली नाही आणि बापासमोर उभी राहिली.

"बाबा, मले सुकी खोली पायजे," ती म्हणाली. "बाकी काई नोको."

मामाजींनी घराकडे एक नजर टाकली. आमचं घर जुनं होतं, पुढची खोली बरी, पण मधल्या खोलीत पावसाळ्याचा वास पौषापर्यंत जायचा नाही. ते म्हणाले, "देतो." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेच्या अंगाला दोरी लावून पाया आखला.

खोली कशी उठली ते मी रोज पाहिलं. माती आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पायाने तुडवायची, तिचा हातभर उंचीचा थर रचायचा, आणि तो कडक झाल्याशिवाय वरचा थर ठेवायचा नाही. या थराला रद्दा म्हणतात. गडी घाई करायला लागले की मामाजी नुसते उभे राहायचे, की ते आपोआप हळू व्हायचे. कार्तिकात भिंती पूर्ण झाल्या, छपरावर मातीचे कवेलू चढले, आत शेणाने सारवलं. मग मामाजींनी आत गोवऱ्यांचा जाळ करून ठेवला. दोन बायका आणि एक गडी त्या जाळापायी डोळे चोळत फिरत होते. मलाही खोकला झाला, पण बोलायची सोय नव्हती, कारण नणंद दारात बसून त्या धुराकडे समाधानाने बघायची.

मधेच आभाळ आलं. मार्गशीर्षात असे ढगाळ दिवस आले की धानवाल्यांची झोप उडते. कापलेलं धान खळ्यावर रचलेलं, पाऊस पडला तर कोंब फुटायचे. गावात सगळ्यांनीच मळणीची घाई केली, आम्हीही केली. बियाण्याचं धान मामाजी नेहमी वेगळं काढायचे, सगळ्यात चांगल्या बांधीतलं. ते भरायची बांबूची ढोली जुन्या खोलीत असायची, पण त्या वर्षी तिथे घुशींनी बीळ केलं होतं. मामाजी म्हणाले, "नव्या खोलीत ठेवा. घरात तीच सगळ्यात कोरडी हाय." ढोली आत नेऊन एका कोपऱ्यात उभी केली, धान भरलं, वरून शेणमातीने तोंड लिंपलं. भरण्याआधी मामाजींनी दाणा तोंडात टाकला, जरा वेळ धरला, आणि भरा म्हणून हात केला. मी तिथेच होते. आवाज आला की नाही ते कोणी ऐकलं नाही, कारण तेव्हा बैलांचा गलका चालू होता. असं मला तेव्हा वाटलं.

बाळंतिणीला नव्या खोलीत न्यायच्या आधी त्या घरी एक रीत होती, सासूबाईंपासून चालत आलेली. संध्याकाळी सुपात ताज्या लाह्या घेऊन खोलीच्या मधोमध ठेवायच्या आणि दार लावून घ्यायचं. सकाळी घरातल्या बाईने मूठभर लाह्या उचलून दाबायच्या. कुरकुर वाजल्या तर खोली सुकी. वातड झाल्या तर बाळंतीण आत जात नाही. मला ही रीत फार पटली. भिंतीला हात लावून माणसाचा अंदाज चुकतो, पण लाही खोटं बोलत नाही.

सकाळी मी मूठ दाबली. आवाजच नाही. लाह्या दबल्या आणि हातात चिकटल्यासारख्या राहिल्या.

नणंद माझ्या मागे उभी होती. तिने सुपातली एक लाही तोंडात टाकली, चावली आणि थुंकली. मागे वळून जुन्या घरात गेली.

मग सगळे त्या भिंतींच्या मागे लागले. सुईण आली, तिने भिंतीला गाल लावून पाहिला. शेजारच्या बाईने पोत्यातून बोटं काढून भिंत चाचपली. मामाजींनी आणखी गोवऱ्या आणवल्या. ते स्वतः रद्द्यांच्या सांध्यांवर बोट फिरवत बसायचे, जणू कुठल्या सांध्याने दगा दिला ते त्यांना शोधून काढायचं होतं. पुन्हा लाह्या ठेवल्या, पुन्हा वातड झाल्या. सुईण म्हणाली, "बाई, पोट खाली आलं हाय, आता लई दिवस नाई."

त्या दिवशी नणंद जेवली नाही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाली, "वैनी, मी गोठ्यात बाळंत होईन. ढोरं असतेत, ऊब असते. पन त्या खोलीत नाई जात."

"गोठ्यात कायले?" मी तिच्याच भाषेत विचारलं. मला ती भाषा तोवर चांगली जमायला लागली होती.

"मंग काय करू? त्या पोराचा श्वास मले अजून आयकू येऊन राह्यला," ती म्हणाली, आणि तिथे पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मलाही रडू आलं, ते मी लपवलं नाही. लपवायचं कारण नव्हतं. पण रडून झाल्यावर मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं.

मी नव्या खोलीत गेले, दार लावलं, आणि भिंतीवर नखाने ओरखडा काढला. वऱ्हाडातली मी, मातीची ओल मला काय कोणी शिकवावी! नखाखाली भुकटी आली. अगदी खालच्या रद्द्यापाशी कोयत्याचं टोक घालून पाहिलं, तिथूनही धूळच गळली. भिंती ठणठणीत वाळल्या होत्या. इतक्या गोवऱ्या जाळल्यावर न वाळून सांगतात कोणाला. मग वल कुठून येते? खोलीत होतं काय दुसरं? जमीन, सूप, विझलेली राख आणि ढोली.

मी ढोलीला हात टेकला आणि लगेच काढून घेतला. ढोली कोमट होती.

लिंपण थोडं फोडून मी कोपरापर्यंत हात आत घातला. आतलं धान तापलेलं, ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखं. वासही आंबूस. धान ओलं भरलं की ते आतल्या आत असं तापतं आणि वाफ सोडतं, हे त्या मुलखातलं शेंबडं पोरसुद्धा सांगतं. गावभर भिंत चाचपत होते, आणि ढोलीकडे कोणाची नजरच गेली नव्हती. जाणार कशी? ते मामाजींचं धान होतं. ज्याच्या दाढेवर गोरेगावचा बाजार विश्वास ठेवतो, त्याच्या धानाला वल असेल असं मनात आणणं हीच शिवी. कोणाच्या मनात ते आलंच नाही, आणि आलं असेल त्याने ते गिळून टाकलं.

आणि मग मला बाकीचंही दिसायला लागलं. मामाजी हल्ली सुपारी खलबत्त्यात कुटून मागत होते. फुटाणे पुढे ठेवले तर समोर बसलेल्याकडे सरकवत होते. लाह्या करताना मी वाटीभर त्यांना दिल्या, त्या त्यांनी ताकात भिजवल्या. भाकरीचा कडक पापुद्रा काढून ठेवायचे, तो मी रोज गायीला घालत होते. मला शंका वगैरे आली नाही, मला कळलंच. दाढ गेली होती.

सुनेने सासऱ्याला हे विचारायचं म्हणजे काय ते ज्यांना माहीत आहे, त्यांना मी वेगळं सांगायला नको. मी त्यांच्यासमोर पदर घेऊन, अर्ध्या वाक्यात बोलायचे. विचारायचा मला धाक नव्हता, पण तो हक्क दुसरीचा होता. मी नणंदेला हाताला धरून खोलीत आणलं आणि तिचा हात ढोलीत घातला.

तिने हात तसाच आत ठेवला. मग काढून नाकाशी नेला. "बाबानं चावलं होतं ना हे?" तिने विचारलं.

"चावलं होतं," मी म्हटलं. "कशानं, ते तू पाहा."

ती बाहेर निघाली. मागे मी. अंगणात मामाजी बाजेवर बसलेले, समोर परगावचे लोक, आपापल्या सोग्यातलं धान सोडून बसलेले. एका म्हाताऱ्याचा दाणा मामाजींच्या तोंडात होता. त्यांनी मान हलवली, म्हणजे वाळलं. म्हातारा खूश होऊन गाठ मारायला लागला. तेवढ्यात नणंद त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, एक हात कमरेला, एक पोटावर.

"बाबा, आ करा."

"काय?"

"आ करा म्हनलं. दाढ दाखवा."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. मामाजींनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. माझ्या हाताला ढोलीतला कोंडा लागलेला होता, तो त्यांना दिसला. त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी कधी विसरणार नाही. ते चिडले असते तर मी समोर उभी राहिले असते, तयारीच होती माझी. पण ते चिडले नाहीत. त्यांनी पोरीच्या पोटाकडे पाहिलं आणि लहान मुलासारखा आ केला.

उजवीकडे नुसती हिरडी होती.

"कधी गेली?" नणंद म्हणाली.

"खोलीचे रद्दे चढत होते तवा," मामाजी म्हणाले. "बोर खाताना."

"मंग सांगलं काऊन नाई?"

मामाजींनी अंगणात बसलेल्या लोकांवरून हात फिरवला. "हे येतेत ना. दाढ गेली म्हनलं, तं कायले येतीन?"

मग ते बाजेवरून उठले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, जे वाक्य मी त्या मुलखात ना आधी कोणाच्या तोंडून ऐकलं ना नंतर, ते ते बोलले.

"माह्या धानाले वल हाय. ढोली फोडा. बाहीर काढा सारं."

कोणी जागचं हललं नाही. ते पुन्हा म्हणाले, या वेळी फक्त पोरीला, हळू. "सुकी खोली देतो म्हनलं होतं तुले. आन वल मीच नेऊन ठेवली त्यात."

 नणंदेने बापाचा खांद्यावरून घसरलेला पंचा उचलून त्यांच्या खांद्यावर ठेवला.

मग एकदम सगळेच उठले. आलेल्या लोकांनीच ढोली ओढून बाहेर आणली, टोपल्याटोपल्यांनी धान अंगणात, गोठ्यापुढे, रस्त्यावर, जिथे ऊन तिथे पसरलं. हे, माझे यजमान, शेतातून आले ते रस्ताभर धान पाहून दचकलेच. ज्या म्हाताऱ्याचं धान नुकतंच पास झालं होतं, तो बाजूला जाऊन स्वतःचाच दाणा चावून पाहत होता. त्याचं तोंड वाकडं झालं. पण तो जाताना मामाजींच्या पाया पडून गेला, तेही मी पाहिलं. थोडं धान काळवंडलं होतं, ते कोंबड्यांच्या कामी आलं. बाकीचं वाचलं. पुढच्या वर्षीचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, त्याच धानाचे लागले.

खोली रिकामी झाली, दाराची दोन्ही कवाडं दिवसभर उघडी ठेवली. संध्याकाळी लाह्या ठेवल्या. सकाळी मी मूठ दाबली नाही. मी सूप नणंदेपुढे धरलं. तिने मूठ भरली, डोळे मिटले आणि दाबली. आवाज बाहेर बसलेल्या मामाजींपर्यंत गेला असणार, कारण ते तिथूनच खाकरले. त्याच दिवशी ती त्या खोलीत राहायला गेली. आत जाताना तिने भिंतीला उलटा हात लावला, नेहमीसारखा, आणि मग हात खाली सोडून दिला.

बाळंतपण चारचौघींसारखंच झालं, सुईणीने फार काही करावं लागलं नाही. मुलगी होती. पौषाची थंडी बाहेर कुडकुडवत होती, आणि त्या खोलीत आम्ही बायका बिनशालीच्या बसत होतो. महिना उलटला, पोरगी रडायला लागली की अख्ख्या वस्तीला ऐकू जायचं. तिचा आवाज मोठा निघाला म्हणून नणंदेला कोण आनंद. दुसऱ्या कोणाची पोरगी एवढी रडली असती तर आपण कंटाळलो असतो.

लोक यायचे थांबतील ही मामाजींची भीती साफ खोटी ठरली. लोक आले. फक्त आता मामाजी दाणा हातात घ्यायचे, दाराच्या आडून माझ्याकडे द्यायचे आणि म्हणायचे, "सूनबाई, पाह्य व." मी आत चावायचे, कट् आवाज बाहेर जायचा, आणि मामाजी गंभीरपणे मान हलवायचे. माझ्या दाढा चांगल्या होत्या, अजूनही आहेत. वऱ्हाडातल्या सुनेने धान पास करावं हे काहींना रुचलं नाही, पण माझं चुकलेलं त्यांना कधी दाखवता आलं नाही.

असंच एकदा सकाळी, ऊन अंगणात आलेलं, चारदोन लोक धान घेऊन बसलेले. नणंदेने तेल लावलेली पोर बापाच्या मांडीवर आणून ठेवली आणि ती आत आली. मामाजी पोरीला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कोणाचं तरी धान बघत होते. एकदम ते थांबले. त्यांनी खाली पाहिलं. शुभ्र धोतरावर एक डाग पसरत चालला होता.

समोरच्या माणसाने विचारलं, "का गा, काय झालं?"

मामाजींनी पोरीला दोन्ही हातांनी उंच धरलं, सगळ्यांना दिसेल अशी.

"वल हाय!" ते मोठ्याने म्हणाले. "पाहा, वल हाय!"

आतून नणंद हसली. इतकी मोकळी हसली की मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहिले. त्या दोन वर्षांत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. मी मामाजींसाठी धुतलेलं धोतर काढून दारात ठेवलं, पण दुपारच्या जेवणापर्यंत त्यांनी ते बदललं नाही.